मिस रूबीची तबकडी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर महिन्याच्या आत प्रवासवर्णन लिहिलंच पाहिजे, असा आपल्याकडे दंडक असावा. माझ्या ओळखीच्या तिघांनी लिहिलं आणि तिघांनीही धबधबा, उंच इमारती आणि स्वच्छ संडास यांवर पानंच्या पानं खर्ची घातली. मी यातलं काहीच लिहिणार नाही. धबधबा मी पाहिलाच नाही. पंचाऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी दीड महिना तिथे होतो आणि त्यातला बराचसा वेळ जुन्या तबकड्यांवरची धूळ नाकातोंडात घेण्यात गेला.

माझं कोल्हापुरात ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे पाटी आहे. कॅसेटी आल्यापासून गिऱ्हाईक टेपरेकॉर्डर घेऊन येतं आणि मी नाक मुरडत तो दुरुस्त करून देतो. घरी मात्र नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्यांनी दोन कपाटं भरलेली आहेत. तबकडी नुसती हातात घेतली तरी नाना तिची कुंडली सांगतो, असा गावात माझा लौकिक. तो बराचसा मीच पसरवलेला, हेही सांगून टाकतो.

न्यूयॉर्कच्या विमानतळावर माझ्या पिशवीतून रिठे निघाले. कस्टमच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एक रिठा चिमटीत धरून वास घेतला आणि खातात का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, याने रेकॉर्ड धुतात. त्याने शेजारच्याला बोलावलं, शेजारच्याने आणखी एकाला. शेवटी तिघांनी मिळून मला वेडा ठरवलं आणि रिठ्यांसकट सोडून दिलं. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला रिठा ठाऊक नाही, हे पाहून माझा प्रवास चांगलाच सुरू झाला.

नोव्हाय

माझी भाची शोभा मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावी राहते. गाव म्हणायचं एवढंच. रस्त्यावर माणूस दिसला तर त्याची गाडी बंद पडली आहे असं समजावं. तिचा नवरा सुहास नागपूरचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. हुशार पोरगा, पण त्याला एक रोग जडला होता. घराखालच्या तळघरात त्याने अमेरिकेतल्या जुन्या तबकड्या जमवल्या होत्या आणि माझं तिकीट त्याने काढलं होतं ते भाचीच्या प्रेमापोटी नव्हे, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

"मामा, तुम्ही एक्स्पर्ट आहात. जरा ऐका तर खरं," तो म्हणाला आणि त्याने एकामागून एक तबकड्या लावायला सुरुवात केली.

वाचकांनी ही गाणी ऐकली नसतील, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यात तीन जाती आहेत. पहिली लोकप्रिय गाणी. इंग्रजीत चंद्र आणि जून महिना यांचं यमक जुळतं. तेवढ्या भांडवलावर या लोकांनी वीसेक वर्षं गाणी पाडली. दुसरी जात जॅझ. लग्नाच्या हंगामात दोन बँडवाले एकाच चौकात समोरासमोर आले आणि दोघांनीही माघार घ्यायचं नाकारलं, की जे ऐकू येतं ते जॅझ. तिसरी जात ब्लूज, आणि सुहासचा जीव अडकला होता तो तिच्यात. गिटार घेऊन एक माणूस एक ओळ म्हणतो. मग तीच ओळ पुन्हा म्हणतो, बहुधा पुढची सुचेपर्यंत. मग पुढची म्हणतो. बाई सोडून गेली, गाडी चुकली, नदीला पूर आला, काहीही झालं तरी चाल साधारण तीच.

"यात गाणं कुठे आहे?" मी विचारलं.

"मामा, फील बघा यार. फील!"

"फील ताप आल्यावर पण होतं," मी म्हटलं. शोभा हसली. सुहास हसला नाही.

त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून मी म्हटलं, गाणं राहू दे, निदान तबकड्या तरी धुऊन देतो. रात्रभर रिठे भिजवले, सकाळी फेस काढला आणि शोभाच्या मोरीत, तिथे सिंक म्हणतात त्यात, एकेक तबकडी घेतली. मधल्या कागदावर तळहात झाकून ठेवायचा, म्हणजे तो भिजत नाही. मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसायचं आणि ताटं निथळत ठेवतात तशा उभ्या करून सावलीत वाळवायच्या. संध्याकाळी सुहासने तीच गाणी पुन्हा लावली आणि डोळे विस्फारून माझ्याकडे पाहिलं. खरखर अर्धी झाली होती.

"मामा, हे लोक याच्यासाठी कसले कसले केमिकल्स वापरतात आणि तुम्ही रिठ्याने केलंत!"

न बोलता मान कशी ताठ ठेवायची हे मला चांगलं जमतं. याच भरात पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर मिसिसिपीला यायला मी कबूल झालो.

दक्षिणेकडे

गाडीतले दोन दिवस मी वगळतो. खिडकीबाहेर रस्ता होता आणि पुढे आणखी रस्ता होता. खाण्याच्या नावाने दोन पावांत घातलेला फिकट चामड्याचा तुकडा सगळीकडे एकाच चवीचा मिळतो, आणि यात त्यांना अभिमान वाटतो. कोल्हापुरात एका गल्लीतला रस्सा दुसऱ्या गल्लीसारखा निघाला तर आचाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मधल्या मुक्कामी मोटेलचे मालक गुजराती निघाले. त्यांनी घरातून खिचडी आणून दिली तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचा राहिलो होतो.

मिसिसिपीत उतरलो तर हवा अशी, की अंघोळ करून पुसायच्या आधी घाम. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं. सुहासने गाडी थांबवली, उतरला आणि बांधावर उभा राहून बघत बसला. "आमच्या काकांचं शेत सेम असं आहे यवतमाळला," म्हणाला. मी म्हटलं, मग एवढं पेट्रोल जाळून इथे कशाला आलास?

कशाला, ते लगेच कळलं. तिथल्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक रीत आहे. काळ्या लोकांच्या वस्तीत जायचं, जुनाट घर बघायचं, दार वाजवायचं आणि म्हाताऱ्या माणसाला विचारायचं: जुनी रेकॉर्डं आहेत का, पलंगाखाली, माळ्यावर? असतील तर उचलून आणायची. आपल्याकडे बोहारीण दारोदार फिरते, पण ती निदान कपड्यांच्या बदल्यात भांडं देते. मोटारी बनवणारा इंजिनिअर, गळ्यात टाय घालून, हे करत होता. पहिल्या घरात कुणी दार उघडलं नाही, दुसऱ्या घरात आम्हाला विमा विकणारे समजले, तिसऱ्या घरातल्या कुत्र्याने सुहासचा एक बूट काढून घेतला तो परत दिलाच नाही. मी गाडीत बसून हे पाहत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

शनिवार

चौथं घर मिस रूबींचं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, लग्न झालेलं असो की नसो, आपल्या ताई-माईसारखंच. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने उभट, बोलणं संथ. ओट्यावरच्या खुर्चीतून न उठता त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेतला सुहास बघून त्यांनी काहीही विचारलं नाही. बसायला सांगितलं आणि चहा दिला. चहात बर्फ होता. मी तो कुंडीत ओतायची संधी शोधत राहिलो.

इंग्रजी मला वाचता चांगलं येतं, पण त्यांचे उच्चार पकडता येईनात, म्हणून सुहास मधून मधून मराठीत सांगत होता. हो, तबकड्या होत्या. वडिलांच्या, एक खोकं भरून. सुहासने वरच्या दोन-तीन पाहिल्या आणि त्याचा आवाजच बसला.

"मामा, हे फार रेअर आहे," तो मराठीत पुटपुटला. "चेहऱ्यावर काही दाखवू नका, प्लीज."

मिस रूबींना विकायचं नव्हतं. त्यांना दुसरंच काही हवं होतं. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात कपाटाएवढं उभं चावीचं यंत्र होतं. चावी नुसतीच फिरायची. गावात ते दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं. सुहासने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हे आयुष्यभर हेच काम करत आले आहेत. तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या.

यंत्राच्या खणातून त्यांनी एक टपालाचं पाकीट काढलं. आत एक छोटी तबकडी, मधल्या कागदावर पेनाने लिहिलेलं नाव: कॅल्विन. धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छावणीत सैनिकांचा आवाज तबकडीवर भरून घरी पाठवायची सोय होती. कॅल्विनने वडिलांचं एक गाणं म्हणून पाठवलं. रूबी तेव्हा मेम्फिसला कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होत्या. इकडे आईने ते एकदा ऐकलं, आणि आठवड्याभरात तार आली. आईने तबकडी पाकिटात घातली, यंत्राला कुलूप लावलं आणि सांगितलं, की ही घराबाहेर न्यायची नाही आणि मी जिवंत असेपर्यंत कुणी लावायची नाही. आई नव्वदीपर्यंत जगली. ती गेल्यावर कुलूप काढलं, तर चावी अशी फिरत होती.

"म्हणजे तुम्ही हे ऐकलेलंच नाही?" सुहासने विचारलं.

"एकदाही नाही," मिस रूबी म्हणाल्या. "हे चालू करून द्या आणि खोकं घेऊन जा."

मी तबकडी हातात घेतली. हलकी लागली. कडेला थोडी वाकत होती. अमेरिकन माल, म्हटलं, असाच असणार.

रविवार

सकाळी नऊला आम्ही पोचलो, तर मिस रूबी पांढरी टोपी आणि पांढरे हातमोजे घालून चर्चला निघाल्या होत्या. परक्या दोन पुरुषांच्या हवाली घर करून त्या खुशाल निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "येताना चर्चमधल्या दोघीजणींना आणते. कॅल्विनला त्यांनी पाहिलेलं आहे. मग सगळे मिळून ऐकू."

दुखणं साधं होतं. मोठ्या स्प्रिंगचं टोक आतल्या आकड्यावरून निसटलं होतं. डबा उघडला, आतलं जुनं ग्रीस डांबरासारखं झालेलं. ते रॉकेलने धुतलं. हाताला फडकं गुंडाळून स्प्रिंग सोडवली, कारण बेसावध राहिलं तर ती बोट घेऊन जाते. पकडीने टोक वाकवून आकड्यात बसवलं, व्हॅसलिन भरलं, सगळं परत जोडलं. तासाभराने चावी दिली, तर थाळी सुरेख फिरायला लागली. त्या क्षणी जगात माझी बरोबरी करणारं कुणी नव्हतं.

सुहास बाहेर ओट्यावर खोक्यातल्या तबकड्यांची यादी करत बसला होता. मी आत एकटा. यंत्र फिरतं, पण आवाज कसा येतो ते पाहायला नको का? नवी पिन लावली आणि समोर होती ती तबकडी ठेवली. कॅल्विनची.

आधी खरखर, मग त्यातून एक पोरगेला आवाज. साथीला काही नाही, नुसता पायाने ठेका. एक ओळ, पुन्हा तीच ओळ, मग तिसरी. मी कपाळाला हात लावला. गंधार कोमल लावायचा की शुद्ध, हे त्या पोराचं ठरलेलं नव्हतं. दोन्हींच्या मधेच कुठेतरी तो लोंबकळत होता आणि दर वेळी तिथेच जाऊन बसत होता. बेसूरपणातही इतकं सातत्य मी पाहिलं नव्हतं. शब्दांकडे मी लक्ष दिलं नाही. कळले नसते असं नाही. थोडे कान देऊन ऐकलं असतं तर कळले असते. मला खरखर मोजायची होती. गाणं संपलं आणि तो काहीतरी बोलायला लागला. बोलण्याशी मला काय करायचंय? मी पिन उचलली.

खरखर फार होती. म्हटलं, बाई येतील तेव्हा स्वच्छ आवाज ऐकवून थक्क करून सोडू. रिठ्याचं पाणी मी बाटलीत भरून आणलंच होतं. स्वयंपाकघरात गेलो, मधल्या कागदावर तळहात झाकला आणि धुवायला घेतली. चाळीस वर्षांची सवय, बोटं आपोआप फिरतात. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला फडक्याखाली काहीतरी गुळगुळीत सरकलं. मला वाटलं मळ सुटतोय. जोर केला. काळी साय पापुद्र्यासारखी माझ्या बोटाला चिकटून वर आली आणि खालून पिवळा पुठ्ठा दिसला. तो पाणी पिऊन फुगत होता.

मी सुहासला हाक मारली. तो आला, बघितलं आणि भिंतीला टेकला.

"मामा... कार्डबोर्ड आहे ते. वॉरमधल्या डिस्क कार्डबोर्डच्या असतात. वर नुसतं कोटिंग. पाणी लागलं की खलास. तुम्ही मला विचारलं का नाही?"

मी कुणाला विचारणार होतो? ज्याच्या गाण्याला इतके दिवस हसलो, त्याला? फुंकर घातली, उन्हात धरली, वहीच्या पानांत दाबली. कडेने तिचे पदर सुटत गेले. हलकी लागली होती, वाकत होती, तबकडी आपणहून सगळं सांगत होती. कुंडली सांगणाऱ्या नानाला ते ऐकू आलं नाही. मला माझी इतकी किळस पूर्वी कधी आली नव्हती.

सुहास म्हणाला, "मी सांगतो त्यांना." मी म्हटलं, नाही.

साडेबाराला गाडी थांबली. मिस रूबी आणि दोन वृद्ध बाया, तिघींच्या टोप्या पांढऱ्या. त्या येऊन सोफ्यावर ओळीने बसल्या. मी उभा राहिलो आणि माझ्या दुकानदारी इंग्रजीत सांगितलं: यंत्र चालू आहे. तबकडी मी धुतली. ती गेली. चूक माझी आहे, या मुलाची नाही. आणि दोन्ही हातांत धरून तो पुठ्ठा दाखवला.

मिस रूबींनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवून मांडीवर सारखे केले. मग विचारलं, "धुवायच्या आधी तुम्ही ऐकलंत?"

"हो."

"मग म्हणा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सुहासने मराठीत सांगितलं, "मामा, त्या म्हणतात, गाऊन दाखवा."

मी खुर्चीवर बसलो आणि आ-कारात म्हटलं. चाल पक्की लक्षात होती. ऐकलेली चाल मी विसरत नाही. गंधार मी कोमल लावला, नीट, जागच्या जागी.

"नाही," मिस रूबी म्हणाल्या. "आमचे वडील असं म्हणत नसत. कॅल्विनही म्हणणार नाही." त्यांनी तळहात हवेत आडवा धरला आणि किंचित वर नेला. मी शुद्ध गंधार लावला. "एवढं नाही." हात खाली आला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. ज्याला इतके दिवस बेसूर म्हणत होतो ती जागा मला सापडेना. घामाने सदरा अंगाला चिकटला. शेजारची बाई पायाने ठेका धरायला लागली, तेव्हा एकदा, फक्त एकदा, आवाज घसरून बरोबर तिथे गेला. मिस रूबींनी डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "आणि शब्द?"

मी म्हटलं, "शब्द माझ्या लक्षात नाहीत."

"एकही?"

"ट्रेन. ट्रेनचं काहीतरी होतं." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सत्तर वर्षांच्या बाईने ज्या गाण्याची अर्धं आयुष्य वाट पाहिली, ते ऐकणारा जगात एकटा मी उरलो होतो आणि मी खरखर मोजत बसलो होतो.

"ट्रेन," मिस रूबी मैत्रिणींना म्हणाल्या. "वडिलांचं ट्रेनचंच गाणं." दोघींनी माना हलवल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "गाण्यानंतर काही बोलला? ते लोक बोलायला थोडी जागा ठेवायचे म्हणे."

"हो, बोलला."

"माझं नाव घेतलं?"

सुहास माझ्याकडे बघत होता. पिन उचलल्याचं मी त्याला मघाशीच सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "घेतलं."

त्यांनी मान डोलावली आणि जेवायला वाढायला उठल्या. तळलेला मासा होता, मक्याच्या पिठाची जाड भाकरी होती आणि भेंडी, थेट आपल्यासारखी. मी सगळं खाल्लं आणि बर्फाचा चहाही प्यालो. निघताना खोकं त्यांनी स्वतः गाडीत ठेवलं. यंत्र चालतंय, म्हणाल्या, ठरलं ते ठरलं.

कोल्हापूरला परत आल्यावर हे मी कुणाला सांगितलं नाही. मी त्या बाईंशी खोटं बोललो, असंही मला म्हणता येत नाही. कॅल्विनने बहिणीचं नाव घेतलं असेल, आईचं घेतलं असेल, नाहीतर छावणीतल्या जेवणाला नावं ठेवली असतील. मला माहीत नाही. मी पिन उचलली होती.